मदत हवी आहे: सासूबाई शिडाच्या बोटीवर येताहेत, फ्लोरिडात बरी स्वच्छतागृहं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. विषय नाजूक आहे. जेवताना वाचत असाल तर आधी ताट संपवा.

मी आणि नवरा गेली दोन वर्षं ३४ फुटी शिडाच्या बोटीवर राहतो. उन्हाळा चेसापीक उपसागरात काढायचा आणि थंडी पडायला लागली की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गाने (सगळे आयसीडब्ल्यूच म्हणतात) रमतगमत दक्षिणेला यायचं. सध्या जॉर्जियात कंबरलँड बेटापाशी नांगर टाकून बसलोय. डिसेंबरात सासूबाई सांगलीहून तीन आठवड्यांसाठी येताहेत. सेंट ऑगस्टीनला बोटीवर चढतील, तिथून आम्ही व्हेरो बीचपर्यंत जाऊ. जमलंच तर पुढे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या कीज बेटांवरच्या मॅरेथॉन गावापर्यंत. वय ७१, डावा गुडघा दुखरा, उत्साह दांडगा.

बोटीवर संडास आहे, नाही असं नाही. पण तो कपाटाएवढा. भांडं बुटकं, शेजारी हातपंपाचा दांडा. काम झालं की पंधरा-वीस वेळा दांडा मारायचा, मग समुद्राचं पाणी आत येऊन सगळं टाकीत जातं. टाकी २० गॅलनची, म्हणजे साधारण ७५ लिटर. आम्हा दोघांना आठवडा पुरते, तिघांत चौथ्या दिवशीच काटा वर. या आतल्या पाण्यात, आणि बाहेर समुद्रातही किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत, मैला तसाच सोडायला कायद्याने बंदी आहे. म्हणून टाकी भरली की पंप-आउटची (टाकी उपसून रिकामी करून देण्याची) सोय शोधत फिरायचं.

आता खरी अडचण. मागच्या खेपेला सासूबाई मेरीलँडला आल्या होत्या, तेव्हा दोन दिवस बोटीवर राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की सकाळी भरून दिलेली बाटली तशीच आहे. विचारलं तर, "बोटीवर तहानच लागत नाही गं मला." मला ही तहान चांगली ठाऊक आहे. सांगली-पुणे एसटीने जायचं असलं की माझी आईसुद्धा आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची, कारण वाटेतल्या स्टँडवरचं काय दिसेल ते आधीच माहीत असायचं. पण सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आहे, लघवी जास्त होणारी. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय आणि फ्लोरिडाचं ऊन डिसेंबरातही असतंच.

म्हणून मला दर दोन दिवसांनी किनाऱ्यावर एक धड बाथरूम हवं आहे. कोरडी फरशी, गरम पाणी, आतून लागणारी कडी. पैसे द्यायची तयारी आहे. आमचा अनुभव संमिश्र. कंबरलँडला सी कॅम्पच्या धक्क्याजवळचं स्वच्छतागृह चांगलं, पण शॉवरचं पाणी गार. उलट येताना एका मरीनात (म्हणजे बोटी लावायच्या तळावर, नाव घेत नाही) रात्रीचे ७५ डॉलर मोजले आणि बाथरूममध्ये घोट्यापर्यंत पाणी. दाराचा कोड रात्री ११ नंतर चालतच नव्हता.

सेंट ऑगस्टीन ते व्हेरो बीच साधारण १७५ मैल. आम्ही दिवसाला ३५-४० मैल करतो. मधे कुठे थांबू? आणि बोटीवरचाच संडास त्यांना सोपा कसा करू?

प्रतिसाद १: भरतीओहोटी

ताई, मुक्कामाची जागा निवडताना बाथरूमइतकाच धक्का बघा. सेंट ऑगस्टीनला भरती-ओहोटीत चार-पाच फुटांचा फरक पडतो. धक्का स्थिर असेल तर ओहोटीला काकूंना शिडीच चढावी लागेल. फोनवर आधी विचारायचं ते "तरंगता धक्का आहे का" हे. दक्षिणेला इंडियन रिव्हरमध्ये ही भानगड नाही. टिटसविलला भरती जवळजवळ नसतेच. तिथली नगरपालिकेची मरीना बरी आहे आणि पलीकडे केनेडी स्पेस सेंटर. नशीब असेल तर काकूंना रॉकेट दिसेल.

व्हेरो बीचलाही नगरपालिकेचीच मरीना. न्हाणीघर, कपडे धुवायची यंत्रं, सगळं. मुरिंगवर (पाण्यातल्या तरंगत्या बोयाला बोट बांधून) स्वस्तात राहता येतं, पण मोसमात एकाच बोयाला दोन-तीन बोटी कडेला कडा लावून बांधतात. लोक येतात आणि जातच नाहीत म्हणून त्याला 'व्हेलक्रो बीच' म्हणतात. मात्र मुरिंगवरून किनाऱ्यावर यायचं तर डिंगीत (छोट्या होडीत) उतरणं आलं. दुखऱ्या गुडघ्याला ते जमणार नाही, थोडे पैसे जातील पण धक्क्यावरच जागा घ्या.

प्रतिसाद २: दांडामार

आमच्याकडे आई-बाबा येऊन गेले, म्हणून सांगतो. छोटं भांडं काढून मोठं बसवा. आमच्या जॅब्स्को कंपनीच्या हातपंपाच्या त्याच बैठकीवर मोठं भांडं बसलं, पंप बदलावा लागला नाही. समोरच्या भिंतीला स्टीलचा दांडा लावा, उठताना धरायला. आणि पंप तुम्ही मारा, त्यांना सांगूच नका की मारायचा असतो. आईला सगळ्यात लाज त्याचीच वाटायची, बाहेर आवाज जातो म्हणून.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. इथले जुने खलाशी सांगतात, आधी पोटातून गेलेलं नाही ते भांड्यात टाकायचं नाही. कागदाने यांच्या नळ्या तुंबतात. आपण पाणीवाले, आपल्याला ती कटकटच नाही.

वास येत असेल तर गरम ओलं फडकं नळीला गुंडाळा, गार झालं की काढून हुंगा. फडक्याला वास लागला तर नळीच मुरली आहे, बदला. नसेल तर नळीत अडकून सडलेल्या समुद्राच्या पाण्याचा तो वास. रात्री झोपताना गोडं पाणी सोडून पंप मारा, आठवड्याने व्हिनेगर.

प्रतिसाद ३: मीठभाकर

मॅरेथॉनचा बेत असेल तर आधी चौकशी करा. बूट की हार्बरला २२६ मुरिंग आहेत, पंप-आउटची बोट आठवड्याने दाराशी येते, किनाऱ्यावर न्हाणीघरही आहे. पण हिवाळ्यात प्रतीक्षा यादी असते आणि डिंगीशिवाय गत्यंतर नाही. मी तुमच्या जागी असते तर व्हेरोलाच थांबले असते.

दिवसा गावात गेलात तर सार्वजनिक वाचनालय किंवा पब्लिक्स दुकान गाठा. दोन्हीकडे स्वच्छ असतं आणि कोणी हटकत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. भांडं मागवलंय. नवरा दांड्यासाठी भिंत ठोकून बघतोय, आतून पोकळ लागतेय म्हणतो. मॅरेथॉन रद्द. दांडामार, पंप मारायचं गुपित मात्र फुटलं. काल फोनवर त्यांनीच विचारलं, "तो हापसा अजून आहे का गं?"

तांब्या आणू का, असंही विचारलं. म्हटलं आणा, फक्त पितळी नको, खाऱ्या हवेत दोन दिवसांत काळा पडेल.

भरतीओहोटी, टिटसविलला धक्क्यापासून बाथरूम किती लांब आहे? रात्री दोनला चालत जाता येईल इतकं असेल तर तिथे चार दिवस काढू.