जुन्या गोदामाचे काय करायचे? रहिवासी ग्रुपवरील चर्चा

सचिव :
सर्व सभासदांना नमस्कार. आवाराच्या मागच्या अंगाची चार मजली गोदामाची इमारत संस्थेच्या ताब्यात आल्यापासून तिच्याविषयी दोन प्रस्ताव आपल्यासमोर आहेत. पहिल्या प्रस्तावात रस्त्याकडची दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागे नवा मनोरा उभारायचा आहे. दुसऱ्यात आहे त्याच इमारतीत वर घरे, मध्ये लहान कार्यालये आणि तळमजल्यावर दुकाने, कार्यशाळा व पाळणाघर अशी मिश्र वस्ती करायची आहे. सभेपूर्वी प्रत्येकाने आपले मत कारणांसह येथे लिहावे. नुसत्या अंगठ्याच्या चिन्हावरून समितीला काहीच ठरवता येत नाही.

ब-३०४ :
माझा कल पहिल्या प्रस्तावाकडे आहे आणि तो मोकळेपणाने मांडतो. गोदाम मालासाठी बांधले होते, माणसांसाठी नव्हे. त्याच्या पोटात घरे बसवताना उजेड, हवा, जिने, सांडपाणी या सगळ्याच बाबतीत तडजोड करावी लागेल. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते ती दर्शनी भिंत, आणि लोकांच्या आठवणीत आहे तीही तीच. ती जपली की वारसा जपला, असे मानायला हरकत काय?

अ-२०२ :
हरकत आहे, आणि ती केवळ भावनेची नाही. माझा व्यवसाय जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचाच असल्याने थोडे सविस्तर लिहिते. दर्शनी भिंत ठेवून मागचे सगळे पाडले, तर ती भिंत उभी ठेवण्यासाठी आधी लोखंडी सांगाडा लावावा लागतो, कारण आजवर तिला मजल्यांच्या तुळयांनी आणि आडव्या भिंतींनी धरून ठेवलेले असते. नंतर नव्या मजल्यांची उंची जुन्या खिडक्यांशी जुळत नाही आणि खिडकीच्या मधोमध स्लॅबची कड दिसू लागते. आपल्याकडे जुना मजला साडेचार मीटर उंचीचा आहे, नव्या मनोऱ्यात तो तीन मीटरचा असणार, म्हणजे हे होणारच. एवढा खर्च करून हाती लागतो तो मुखवटा.

१९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वास्तुसंवर्धनाच्या ज्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजाला जगभरचे संवर्धक प्रमाण मानतात त्यात, दोन गोष्टी स्पष्ट आहेत. समाजोपयोगी वापरामुळे जुन्या वास्तूचे जतन सुकर होते, हे त्यात मान्य केले आहे. त्याच वेळी वापरासाठी वास्तूची मांडणी बदलून टाकू नये, अशी मर्यादाही घातली आहे. म्हणून ‘इथे कोणता वापर बसवू’ या प्रश्नाच्या आधी ‘ही इमारत काय सोसू शकते’ हा प्रश्न विचारायला हवा. आपण नेमके उलट्या क्रमाने निघालो आहोत: आधी सदनिकांची संख्या ठरवली आणि आता त्या कुठे कोंबायच्या ते शोधतो आहोत.

क-५०१ :
ताई, तुमचे म्हणणे पटते, परंतु उजेडाचा मुद्दा उरतोच. गोदाम सुमारे तीस मीटर खोल आहे. मधल्या भागातील घरात दिवसाही दिवे लावून बसायचे का?

अ-२०२ :
तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. ढोबळ नियम असा, की खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आत पोचतो. आपल्या खिडक्यांचा माथा साडेतीन मीटरवर आहे, म्हणजे प्रत्येक बाजूने सात ते पावणेनऊ मीटर. दोन्ही बाजू धरल्या तरी मधला साडेबारा ते सोळा मीटरचा पट्टा अंधाराच राहतो. त्याला उपाय दोन. एक, त्या पट्ट्यात जिने, लिफ्ट, नळवाहिन्या, साठवणीच्या खोल्या अशा उजेड न लागणाऱ्या गोष्टी घालायच्या. दुसरा, मधोमध वरपासून खालपर्यंत चौक कोरायचा. चौक कोरला तर विकण्याजोगे क्षेत्र कमी होते, ही वस्तुस्थिती आहे, आणि विकासकांच्या आराखड्यात चौक का नाही, याचे उत्तरही तेच आहे. पण चौक मिळाला की घरांना दोन्ही बाजूंनी हवा खेळते आणि खालच्या दुकानांना व पाळणाघराला मोकळी जागा लाभते. माझ्या मते साऱ्या आराखड्याचा कस या एका गोष्टीवर लागेल.

अ-४०२ :
असे प्रत्यक्षात कुठे झाले आहे का, की हे सगळे कागदावरच सुंदर दिसते?

अ-२०२ :
झाले आहे. व्हिएन्नातील चार वायुटाक्या, म्हणजे शहराला पुरवायचा इंधनवायू साठवण्याच्या अवाढव्य टाक्या, १८९६ ते १८९९ या काळात बांधल्या गेल्या आणि १९८० च्या दशकात बंद पडल्या. त्यांच्या विटांच्या गोल भिंती कायम ठेवून १९९९ ते २००१ मध्ये आत वस्ती उभारली. खाली दुकाने, मध्ये कार्यालये, वर सहाशेहून अधिक घरे, शिवाय विद्यार्थी वसतिगृह, बालवाडी आणि शहराचे अभिलेखागार. चार टाक्यांसाठी चार वेगळे वास्तुरचनाकार नेमले होते, त्यामुळे प्रत्येकीचा आतला स्वभाव निराळा आहे. घरे चालली, दुकानांचा भाग मात्र अपेक्षेइतका चालला नाही आणि पुढे तेथे संगीतविषयक संस्थांना जागा दिली गेली. आपल्यासाठी शिकण्यासारखे हेच आहे, की दुकानांचे गाळे असे आखावेत की उद्या त्यात शाळा किंवा कार्यशाळाही सामावू शकेल.

लंडनमध्ये किंग्ज क्रॉस भागात वायुटाक्यांचे तीन लोखंडी सांगाडे सुटे करून, दुरुस्त करून, पुन्हा उभे केले आणि त्यांच्या आत १४५ सदनिका बांधल्या. तिथे जुन्याचा नुसता सांगाडाच उरला होता, त्यामुळे आत नवे बांधणे योग्यच होते. आपल्याकडे मात्र भिंती, खांब, मजले, छप्पर सगळे जागेवर आहे.

आणखी जुना दाखला हवा असेल तर क्रोएशियातील स्प्लिट शहर पाहा. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने इ. स. ३०५ च्या सुमारास बांधून घेतलेल्या राजवाड्यात सातव्या शतकात शेजारच्या उद्ध्वस्त नगरातले निर्वासित राहायला आले. सम्राटाच्या समाधीचे पुढे चर्च झाले, दालनांची घरे झाली आणि लोक आजही त्या भिंतींच्या आत राहतात. राजवाडा टिकला, कारण त्यात लोक राहत राहिले.

क-२०३ :
उदाहरणे उत्तम आहेत. माझी चिंता साधी आहे. खाली उपाहारगृह आले तर त्याचा धूर आणि रात्रीचा गोंगाट वरच्या घरांनी सोसायचा का?

ड-१०३ :
मी बांधकाम अभियंता म्हणून निवृत्त झालो असल्याने या प्रश्नासह आणखी काही गोष्टी एकत्रच लिहितो. संदेश लांबला तर सर्वांनी सांभाळून घ्यावे.

स्वयंपाकघराचा धूर नेणारी वाहिनी छपरापर्यंत स्वतंत्रपणे न्यावी लागते. जुन्या इमारतीत तिला नंतर वाट सापडत नाही, म्हणून पहिल्याच आराखड्यात तिची जागा राखून ठेवावी, मग उपाहारगृह येवो वा न येवो. आवाजाबाबत सांगायचे तर लाकडी मजल्यातून बोलण्यापेक्षा पावलांचा आवाज अधिक खाली जातो. त्यासाठी जुन्या फळ्यांवर लवचीक थर देऊन त्यावर वेगळा तरंगता मजला घालतात. त्याची जाडी आणि वजन आधीच हिशेबात धरले पाहिजे.

वजनाच्या बाबतीत मात्र आपण सुदैवी आहोत. घरांसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला दोनशे किलो इतका वापरभार, म्हणजे माणसे व सामान यांचा भार, धरतात, आणि गोदामे याच्या कितीतरी पट भारासाठी बांधलेली असतात. म्हणजे मजल्यांची मूळ ताकद आपल्या बाजूने आहे, अर्थात तुळयांची टोके भिंतीत कुजलेली नसतील तर. तुळई मधोमध धडधाकट दिसते आणि भिंतीत शिरते तिथे ओलीने पोखरलेली असते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. ती टोके उघडून पाहिल्याशिवाय कोणाही तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवू नये, माझ्याही नाही.

खांब बिडाचे आहेत. बीड दाबाखाली भक्कम असते, पण ताणाखाली कच्चे असते, आणि आगीत तापलेल्या खांबावर एकदम पाणी पडले तर तो तडकू शकतो. म्हणून खांबांना अग्निरोधक लेप किंवा वेष्टण द्यावे लागेल आणि त्यांच्यावर तिरका भार येणार नाही, हे पाहावे लागेल. याउलट जाड लाकडी तुळया आगीत समजुतीपेक्षा बऱ्या टिकतात. त्या मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने बाहेरून कोळसा होत जातात आणि आतला गाभा काही काळ भार धरून ठेवतो. उघडे पोलाद मात्र साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते. तेव्हा ‘लाकूड काढून पोलाद घाला म्हणजे सुरक्षित’ हा विकासकांच्या टिपणातील मुद्दा तपासल्याखेरीज स्वीकारू नये. घरांचा जिना आणि दुकानांची ये-जा मात्र पूर्ण वेगळी हवी आणि त्यांच्यामध्ये अग्निरोधक भिंत हवी. त्यात तडजोड नाही.

शेवटी, सिमेंट. या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याचा सांधा ओल शोषतो आणि सोडतो. दुरुस्तीच्या नावाखाली कोणी सिमेंटने विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, भरल्या किंवा वरून सिमेंटचा गिलावा चढवला, तर सांध्यातून बाहेर पडणारी ओल विटेतून वाट काढते, क्षार विटेच्या पृष्ठभागाशी साचून स्फटिक बनतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटत जाते. भिंत बाहेरून नवी दिसते आणि आतून पोखरत राहते. उत्तरेकडच्या कोपऱ्यात हे आधीच झालेले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी संध्याकाळी माझ्याबरोबर यावे.

क-५०१ :
काका, मी येतो.

ब-३०४ :
काकांच्या संदेशानंतर माझी भूमिका थोडी बदलली, हे मान्य करतो. पण एक भीती कायम आहे आणि ती पैशांची आहे. जुन्या इमारतीचे काम अर्ध्यावर थांबले तर ती पूर्वीपेक्षाही वाईट स्थितीत येते. लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्राचे उदाहरण मी मुद्दाम वाचले. १९८३ मध्ये वीजनिर्मिती थांबली, मग करमणूक उद्यानाच्या योजनेसाठी छप्पर उतरवले, १९८९ मध्ये पैशांअभावी काम थांबले आणि ती प्रचंड वास्तू वर्षानुवर्षे उघडी पडून राहिली. पुढे चारही धुरांडी गंजामुळे उतरवून नव्याने बांधावी लागली आणि घरे, कार्यालये, दुकाने यांसह ती लोकांसाठी खुली व्हायला २०२२ साल उजाडले. तेव्हा माझी अट अशी, की पूर्ण कामाचा निधी हाती असल्याखेरीज छपराला हात लावू नये, आणि काम सुरू झाले की सर्वांत आधी छप्पर व पन्हळीच दुरुस्त व्हाव्यात.

अ-२०२ :
ही अट मी स्वतःहून घालायला हवी होती. पूर्ण सहमत आहे.

अ-४०२ :
हिशेबनीस म्हणून मला दिसणारा धोका वेगळा आहे. मिश्र वस्तीत भांडणे विटांवरून होत नाहीत, देखभाल खर्चावरून होतात. मताचा अधिकार क्षेत्रफळावर दिला तर तळमजल्यावरचे मोजके मोठे गाळेधारक सगळ्या घरमालकांना अडवू शकतील. तो प्रत्येक मालकाला एक असा दिला तर गाळेधारकांना त्यांच्या पैशांवर काहीच ताबा उरणार नाही. म्हणून खर्चाची तीन वेगळी खाती असावीत: फक्त घरांची, फक्त दुकाने-कार्यालयांची आणि सर्वांची सामाईक. लिफ्टचा खर्च पहिल्यात, कचरा उचलण्याचा आणि मालवाहू दाराचा दुसऱ्यात. दर्शनी भिंत, छप्पर व पाया हे मात्र तिसऱ्यातच हवेत, आणि त्यासाठी राखीव निधी पहिल्या दिवसापासून जमा व्हावा, कारण चुन्याच्या भिंतीची दुरुस्ती जाणकार गवंड्याकडूनच करून घ्यावी लागते आणि परांची बांधण्याचा खर्च दर वेळी नव्याने येतो. प्रत्येक खात्यावर त्या त्या गटाने मत द्यावे, सामाईकावर सर्वांनी. हे ताबा देण्यापूर्वीच्या करारात नसेल, तर नंतर कोणीही मान्य करणार नाही.

क-२०३ :
आणि कार्यशाळांचे गाळे? चालू बाजारभावाने दिले तर तिथे कारागीर येणार नाहीत, शोरूम येतील. मग मिश्र वस्ती हा शब्द माहितीपत्रकापुरताच उरेल. काही गाळे कमी भाड्याने, ठरावीक मुदतीसाठी राखून ठेवावेत आणि त्याची तूट इतर गाळ्यांच्या भाड्यातून भरून काढावी, असे सुचवते. दिवसा कारागीर आणि पाळणाघर, संध्याकाळी दुकाने, रात्री राहणारे लोक अशी ये-जा असली, तर मागची निर्मनुष्य गल्लीही आपोआप जागती राहील. आज तिथून एकटीने चालत जायला मला नकोसे वाटते, हेही इथे नोंदवते.

सचिव :
सर्वांचे आभार. चर्चेवरून सभेसाठी ठरावाचा मसुदा असा करत आहे: ‘दोन्ही प्रस्तावांवरील निर्णय पुढे ढकलून संस्थेने प्रथम इमारतीचे मोजणी-आरेखन, तुळयांची टोके उघडून संरचनेची तपासणी आणि ओलीचा अहवाल करून घ्यावा. त्यानंतर चौकासह सुधारित आराखडा, तीन खात्यांची खर्चवाटणी आणि निधीची पूर्ण तरतूद मांडल्यावरच मतदान घ्यावे.’ कोणाची दुरुस्ती असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावी.

ड-१०३ :
एक दुरुस्ती. तपासणी करणारा अभियंता संस्थेने नेमावा आणि त्याचे मानधनही संस्थेनेच द्यावे, विकासकांनी नव्हे. तसेच अहवाल येईपर्यंत उत्तरेकडील कोपऱ्यात चालू असलेले सिमेंटचे काम उद्या सकाळीच थांबवावे.

ब-३०४ :
दुरुस्तीला माझे अनुमोदन. कंत्राटदाराला मी आत्ताच दूरध्वनी करतो.