भाषा बदलली तरी तारीख जुनीच का?

विंडोजची भाषा मराठी केली, तरी तारखेत महिना आधी का येतो, असं एका वाचकाने विचारलंय. कारण पडद्यावरची भाषा आणि प्रादेशिक स्वरूप (तारीख, अंक लिहिण्याची पद्धत) या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'खाली 'रीजनल फॉरमॅट' आहे, तिथे मराठी किंवा इंग्रजी (भारत) निवडा. दिवस आधी येईलच, शिवाय अंकांचे स्वल्पविरामही लाख-कोटींप्रमाणे पडतील. एक्सेल हीच सेटिंग वाचतं, त्यामुळे ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे हा घोळ इथेच मिटवलेला बरा. लॉगिनच्या पडद्यावर मात्र जुनीच भाषा राहते. त्यासाठी प्रशासकीय भाषा सेटिंगमधून 'कॉपी सेटिंग्ज' करावं लागतं.

अक्षरं बारीक दिसतात म्हणून पडद्याचं रिझोल्यूशन (चित्रबिंदूंची संख्या) कमी करा, असा सल्ला काही जण देतात; तो मला अजिबात पटला नाही. त्याने सगळंच धूसर होतं, आणि जोडाक्षरं वाचताना डोळ्यांना जास्त ताण पडतो. विंडोज आणि यू ही बटणं एकत्र दाबा, 'टेक्स्ट साइझ' उघडा; अक्षरं २२५ टक्क्यांपर्यंत मोठी होतात आणि रेखीव राहतात. घरातल्या ज्येष्ठांच्या संगणकावर हे आधी करून द्या. टायपिंगच्या भाषेचा कीबोर्ड बदलायला विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबा.