मदत हवी आहे: फर्स्ट इयरच्या कम्युनिकेशनच्या पेपरला नक्की काय असतं??

कृष्णाकाठ
कम्युनिकेशनचा पेपर आहे, कम्पल्सरी. सीनियर म्हणतात सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावतात. खरंच लावतात का? नाही बोललो तर नापास करतात का? सोमवारी लेक्चर सुरू होतंय, प्लीज लवकर सांगा. आणि इंग्लिश सुधार, पेपर वाच वगैरे सांगू नका, ते चालू आहे.

टेलिकॉमवाला
गणित पक्कं कर, खासकरून फूरियर. मग एएम, एफएम, मग सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नल ठरावीक वेळाने मोजत जाणं. सिग्नलमधल्या सगळ्यात मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट वेगाने सॅम्पल घ्यायचे एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. फोनवरचा आवाज ३४०० हर्ट्झपर्यंत धरतात म्हणून सेकंदाला ८००० सॅम्पल.

अनुस्वार
अहो तो बोलायला लावतात म्हणतोय, हे इंजिनिअरिंगचं कम्युनिकेशन नाहीये. @कृष्णाकाठ कोर्स कोणता, युनिव्हर्सिटी कोणती, क्रेडिट किती, काहीच लिहिलं नाहीस.

कृष्णाकाठ
बीकॉम. मुंबई. २ क्रेडिट. सगळीकडे सारखंच असेल ना? मी फक्त बोलायला लावतात का एवढंच विचारलंय.

मधली_सुट्टी
मी हा पेपर बावीस वर्षं शिकवला म्हणून लिहिते. २ क्रेडिट म्हणजे ३० तास. तुमच्या वर्गात १२० मुलं असली आणि प्रत्येकाला ५ मिनिटं दिली तर १० तास त्यातच गेले, मग शिकवायचं कधी? म्हणून बहुतेक ठिकाणी चार-पाच जणांचा ग्रुप करतात आणि एकेकाच्या वाट्याला दीडदोन मिनिटं येतात. बाकी वेळ लिखाणाचा. आधी संवादाची आकृती, बोलणारा, निरोप, माध्यम, ऐकणारा, फीडबॅक, आणि मध्ये येणारा नॉइज म्हणजे व्यत्यय. मग अडथळे, ऐकण्याचे प्रकार, ऑफिसात खबर वरून खाली कशी जाते आणि ग्रेपव्हाइन म्हणजे कुजबुजीतून कशी पसरते. मग पत्रं, अर्ज, रेझ्युमे, नोटीस, अजेंडा, मिनिट्स म्हणजे सभेचं इतिवृत्त. मुलं अडकतात ती पत्रात, कारण शाळेतलं "सविनय सादर" डोक्यातून जात नाही आणि मुद्दा चौथ्या ओळीत येतो. मुद्दा पहिल्या ओळीत लिहायची सवय आत्तापासून लाव.

टेलिकॉमवाला
ती नॉइजची आकृती आमचीच आहे. शॅनन नावाच्या इंजिनिअरने १९४८ साली बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारांसाठी मांडली, माणसांच्या बोलण्याला नंतर लावली.

मधली_सुट्टी
बरोबर आहे तुमचं, आणि मूळ आकृतीत फीडबॅक नव्हता. तारेला उलट विचारायचं नसतं, माणसाला असतं. मी वर्गात हे आवर्जून सांगायचे.

डोंबिवली_फास्ट_लोकल
टेन्शन घेऊ नको भावा, संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ आणि बॉडी लँग्वेज ५५. कॉन्फिडन्सने उभा राहा, इंग्लिश कसंही असो. मी सेल्समध्ये आहे, रोज बघतो.

अनुस्वार
हे आकडे कृपया परीक्षेत असे लिहू नका. मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ चे दोन प्रयोग होते, तेही एकच प्रश्न धरून, शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरंच, तेव्हा समोरच्याला आपण आवडतो की नाही हे कशावरून ठरवतो. सगळ्या बोलण्याला ते लागू नाही असं खुद्द त्यांनीच सांगितलंय. शब्द ७ टक्के असते तर परभाषेतलं भाषण आपल्याला ९३ टक्के कळलं असतं.

डोंबिवली_फास्ट_लोकल
ठीक आहे पण ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच शिकवलं, आणि चेहऱ्याने फरक पडतोच, ते मी सोडणार नाही.

सेक्रेटरी_बी_विंग
मिनिट्सचा विषय निघालाय म्हणून विचारतो, ३० सप्टेंबरच्या आत आमच्या सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, घ्यायची आहे आणि एक सभासद म्हणतात की माझं सगळं बोलणं शब्दशः लिहा. लिहावंच लागतं का?

मधली_सुट्टी
ठराव, सूचक, अनुमोदक, निर्णय. विरोध असेल तर तोही नोंदवा. पूर्ण भाषण नको. पण वेगळा धागा काढा ना, हा मुलगा अडकलाय.

कृष्णाकाठ
दीडदोन मिनिटं पण नाही जमणार. आधी लिहिलं नाही, मी अडखळतो, लहानपणापासून. स्वतःचं नाव सांगतानाच अडकतं. बारावीपर्यंत सरांना माहीत होतं म्हणून कोणी उठवलं नाही. इथे कोणालाच माहीत नाही.

अनुस्वार
अरे हे आधी सांगायचंस.

घाटमाथा
मीही अडखळतो, आज बँकेत काउंटरला बसतो. "कॉन्फिडन्स ठेव" हा सल्ला सोडून दे, अडकतं ते घाबरल्यामुळे असं नसतं, भीती नंतर चिकटते. मी कॉलेजात पहिल्याच वाक्यात सांगायचो, मी अडखळतो, थोडा वेळ लागेल. लपवायचं ओझं गेलं की निम्मं सुटतं, निदान माझं तरी सुटलं. तू मुंबईत आहेस तर वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे स्पीच थेरपीसाठी दाखव. आणि इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन म्हणजे तिसा, त्यांचे सेल्फ हेल्प ग्रुप असतात, तिथे सगळे आपल्यासारखेच, कोणी वाक्य पूर्ण करून देत नाही.

डोंबिवली_फास्ट_लोकल
सॉरी भावा, मला माहीत नव्हतं.

कृष्णाकाठ
सॉरी काय त्यात. ग्रुपमध्ये मला फक्त लिखाणाचं काम द्या असं सांगू का?

मधली_सुट्टी
सगळं सोडून देऊ नकोस, पण किती बोलायचं ते तू ठरव. माझ्याकडे असा एक मुलगा होता, त्याला मी स्टाफरूममध्ये दोन मित्रांसमोर बोलायला दिलं आणि मार्क तेवढेच दिले. मात्र मला हे सहाव्या आठवड्यात कळलं, तोवर दोनदा त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं, त्याचं अजून वाईट वाटतं. तुझ्या मॅडमना आधीच कळू दे.

कृष्णाकाठ
मेल करू का भेटू?

मधली_सुट्टी
उद्याच मेल कर, चार ओळींचा, अडखळतो हे पहिल्या ओळीत. मग सोमवारी लेक्चरच्या आधी स्टाफरूममध्ये जाऊन ये, म्हणजे पहिल्या दिवशी नावं सांगायला लावतात तेव्हा त्यांना माहीत असेल. नंतर दाराशी वीस जण असतात, तिथे बोलणं होत नाही.