उसाच्या रानात पांढरं फुटलंय, युरिया वाढवू का?

चिकोडीकर:
नमस्कार मंडळी. कालव्याखाली दीड एकर रान हाय, १२ वर्षं नुसता ऊस, लागण, मग तोडलेल्या बुडख्याचा खोडवा, परत लागण. दोन वर्षं झाली, सऱ्यात मीठ सांडल्यागत पांढरं फुटतंय, ऊस कुठं कमरेएवढा तर कुठं उगवलाच नाही. खत दुकानदार म्हणतोय युरियाची दोन पोती वाढवा. उधारी त्याच्याकडंच, नको पण म्हणता येईना. काय करू?

खोडवा_किंग:
युरियानं मीठ जातंय व्हय? पण तुमचीबी चूक नाही ओ, ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपयाला आणि डीएपीचं ५० किलोचं १३५० ला, मग माणूस युरिया सोडून दुसऱ्या खताला हात कशाला लावणार. वर आपल्या कर्नाटकात १० एचपीपर्यंत शेतीपंपाला बिल नाही, मोटर चालू करून आपण बाजाराला. पाण्याला निचरा नसला की खालचं क्षार वर चढतंय, पाणी उडून जातंय, मीठ तिथंच.

शिरोळचा_भाचा:
आधी माती तपासा. ८-१० जागी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, कडेची माती तासून काढायची, सगळी मिसळून अर्धा किलो पिशवीत. कुठं द्यायची ते शेतीखात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा. पीएच ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त निघालं तरच जिप्सम (कॅल्शियमची भुकटी, मातीतलं सोडियम हटवती), नुसतं खारवट असेल तर जिप्समचे पैसे पाण्यात, तिथं निचराच पाहिजे. आमच्या आजोळी शिरोळकडं जमिनीखाली भोकाची पाईप घालून पडीक रानं परत पिकाखाली आणलीत. पण एकट्यादुकट्याचं काम नव्हे, पाणी ओढ्यापर्यंत न्यायला शेजाऱ्याचं रान लागतंय.

भातवाला_बेळगाव:
तुमचं बरं, निदान दुखणं स्वतःच्या पंपाचं हाय. आमच्याकडं पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की अख्ख्या शहराचं गटार भातात, वर प्लॅस्टिक आणि जलपर्णी. दुसऱ्याच्या संडासाला आम्ही कुठलं जिप्सम घालायचं?

चिकोडीकर:
माती उद्याच काढतो. पाईपचं मात्र अवघड, खालचं रान चुलत्याचं आणि बांधावरनं ९ वर्षं कोर्टात केस.

शिरोळचा_भाचा:
चुलत्याच्या रानात पांढरं फुटलंय काय?

चिकोडीकर:
आमच्यापेक्षा जास्त.

शिरोळचा_भाचा:
मग चहाला जावा की.