गंधकाची साखळी टिकवायची कशी

अनेकजण विचारतात, उकळता गंधक गार पाण्यात ओतला की रबरासारखा होतोच, मग गंधकाचा पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचा टिकाऊ पदार्थ, बनवायला एवढी खटपट कशाला? ते रबर आठवडाभर ठेवून पाहा. सोलापुरात मी अकरावीच्या पोरांना दरवर्षी करून दाखवते. सोमवारी तपकिरी, ओढली की ताणणारी दोरी. शनिवारी तीच पिवळट, बोटांत चुरा.

१५९ अंश सेल्सियसच्या वर गंधकाची आठ अणूंची कडी उघडून लांब साखळ्या होतात खऱ्या, पण टोकं मोकळी राहतात, म्हणून त्या परत कड्यांकडे वळतात. २०१३ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या जेफ्री प्यून यांच्या गटाने १८५ अंशांना वितळलेल्या गंधकात डायआयसोप्रोपेनिलबेंझीन नावाचं सेंद्रिय रसायन घातलं. टोकं बांधली गेली आणि लाल, काचेसारखा टिकाऊ पॉलिमर मिळाला. टायरच्या रबरात गंधक थोडासाच. इथे निम्म्याहून जास्त! अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांसाठीची भिंगंही त्यातून करता येतात.

आपल्याकडे गंधक म्हणजे द्राक्षावरच्या भुरीचं औषध, नाहीतर साखर कारखान्यात रस निवळायला जाळायची वस्तू. पण खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून त्याचे ढीग निघतात, म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

घरी मात्र करू नका. तापमान हाताबाहेर गेलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो जीवघेणा आहे.