ब्लोडाउन (लाइनचा दाब सोडून ती रिकामी करणं) झालं की स्टेमची (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या दांड्याची) ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) फुगते आणि चिरते. नेमकं काय चुकतंय?

देखभाल_शिफ्ट_ब:
आमच्याकडे नैसर्गिक वायूच्या लाइनवर क्लास १५०० (दाबाचा दर्जा) चे चार ट्रनियन (बॉल वर-खाली आधारलेला) बॉल व्हॉल्व्ह आहेत. चालू दाब २२० बार, तापमान ६० अंशांच्या आसपास, वायूत थोडा कार्बन डायऑक्साइड. स्टेमवर आणि बॉडीच्या जोडावर ओ-रिंग आहेत. दाब टिकून असतो तोवर सगळं कोरडं. लाइन रिकामी करून पुन्हा भरली की स्टेमपाशी साबणाचे बुडबुडे सुरू.

आधी नायट्राइल रबराच्या रिंगा होत्या. वरच्या दर्जाचं म्हणून ७५ शोर कडकपणाचं एफकेएम (फ्लोरीनयुक्त रबर) घातलं, पण काही फरक पडला नाही. बोल्ट ठरलेल्या टॉर्कपेक्षा थोडे जास्त ओढून पाहिले, तरी तेच. काढलेल्या रिंगांवर बारीक फोड दिसतात आणि वरची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली आहे. दोन्हींचं कारण एकच असेल का? या वर्षात स्टेमच्या रिंगा तिसऱ्यांदा बदलतोय. चौथ्यांदा आंधळेपणाने बदलायच्या नाहीत, म्हणून विचारतोय.

जुना_फोरमन:
रिंगा फेकल्या नसतील तर आधी एक रिंग ब्लेडने आडवी कापा आणि कापलेला भाग भिंगाखाली धरा. मी कितीतरी वर्षं काढलेली रिंग सरळ कचऱ्यात टाकत होतो. एकदा सहज कापली, तर आत मधोमध लांब चिरा होत्या आणि बाहेरून फक्त दोन फोड. तेव्हापासून प्रत्येक रिंगेला चिठ्ठी बांधून ठेवतो: कोणता व्हॉल्व्ह, किती दिवस चालली, दाब कोणत्या बाजूने होता.

तुमच्या वर्णनावरून ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच रिंगेला जडलेली.

फोड आणि चिरा दाब झपाट्याने सोडल्यामुळे येतात. २२० बारखाली वायू रबरात मुरतो. कार्बन डायऑक्साइड तर फारच मुरतो. दाब हळूहळू उतरला तर तो आला तसा बाहेर निघतो. पाच-दहा मिनिटांत लाइन रिकामी केली की आतल्या वायूला वाट मिळत नाही, तो आतच फुगतो आणि रबर फाडतो. रिंग जितकी जाड, तितकी बाहेरची वाट लांब, म्हणून जाड रिंगा आधी जातात. एफकेएम साधं असेल तर नुसतं नाव बदलून उपयोग नाही. ९० शोरच्या आसपासचं, झपाट्याच्या दाबमुक्तीसाठी तपासलेलं मिश्रण हवं. पुरवठादाराकडे आयएसओ २३९३६-२ किंवा नॉरसॉक एम-७१० या मानकाप्रमाणे केलेल्या चाचणीचा अहवाल मागा, आणि तो तुमच्याच मिश्रणाचा, तुमच्या रिंगेच्या जाडीला लागू पडणारा आहे ना, हे बघा. इथे बरेच जण फसतात.

कुरतडलेली कड हे दुसरं दुखणं. दाब खालून आहे म्हणून रिंग वर ढकलली जाते आणि स्टेम व बुश (स्टेमला आधार देणारी बाही) यांच्यातल्या फटीत घुसते. दाब चढतो-उतरतो तसे तिचे लचके निघतात. मऊ रिंग शंभर बारच्या पुढे बॅकअप रिंगशिवाय (ओ-रिंगेला फटीत घुसू न देणारी कडक कडी) लावूच नये. तुमच्याकडे बॅकअप आहे का? आणि फट किती आहे, मोजलीत का? व्यासावरचा प्ले (मोकळीक) ०.२० मिमी असेल आणि स्टेम एका बाजूला रेलला, तर सगळा ०.२० समोरच्या बाजूला जमा होतो. ड्रॉइंगवर मात्र दोन्हीकडे ०.१० दिसतं.

नटबोल्ट_४२:
आमच्या वाफेच्या व्हॉल्व्हला ग्लँड (स्टेमभोवतीचं पॅकिंग दाबणारा भाग) अर्धा फेरा आवळला की गळती थांबते. इथेही तेच करून बघा.

जुना_फोरमन:
ते ग्रॅफाइट पॅकिंग आहे, तिथे आवळण्याला अर्थ आहे. ओ-रिंगच्या जोडात रिंग किती दाबली जाते हे खाचेची खोली ठरवते. धातूला धातू टेकला की बोल्ट कितीही ओढा, रिंग तसूभर जास्त दाबली जात नाही. बोल्ट सैल असतील तर मात्र दाबाखाली जोड उघडतो आणि फट वाढते. म्हणून टॉर्क ठरला आहे तेवढाच द्या, कमी नको आणि जास्तही नको.

देखभाल_शिफ्ट_ब:
काका, रिंग कापली. तुम्ही म्हणालात तशाच तीन चिरा आत आहेत, दोन पृष्ठभागापर्यंत आलेल्या. मापंही घेतली: रिंगेची जाडी ५.३३ मिमी, व्यासावरचा प्ले ०.२६. बॅकअप रिंग नाही आणि खाचेत तिच्यासाठी जागाही नाही. स्टेमवर लांबीच्या दिशेने दोन ओरखडे आहेत, नखाला लागतात.

जुना_फोरमन:
जागा नसलेल्या खाचेत बॅकअप कोंबू नका. खाच साधारण ८०–८५ टक्के भरलेली हवी. त्याहून मोकळी ठेवली तर रिंगेला फुगायला वाव मिळतो, आणि ठासून भरली तर गरम होऊन वाढलेलं रबर जाईल कुठे? व्हॉल्व्हच्या उत्पादकाला विचारून खाच रुंद करून घ्या आणि कमी दाबाच्या बाजूला, म्हणजे वर, टेफ्लॉनची बॅकअप बसवा. खोलीला हात लावू नका. खाच रुंद करता येत नसेल तर स्प्रिंग बसवलेल्या टेफ्लॉन लिप सीलचा (ओठासारख्या कडेने गळती अडवणाऱ्या सीलचा) विचार करा. ते फुगण्याच्या भानगडीत पडत नाही, पण ओरखडा अजिबात सोसत नाही.

बुश बदलावाच लागेल. ०.२६ मध्ये चांगली रिंगही टिकणार नाही. ओरखडे नखाला लागतात म्हणजे स्टेम घासून आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) ०.४ मायक्रॉनपर्यंत आणायचा. व्यास त्यामुळे मर्यादेखाली गेला तर स्टेम नवा घ्या.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. लाइन रिकामी झाली म्हणून व्हॉल्व्ह रिकामा समजू नका. बॉलभोवतीच्या पोकळीत पूर्ण दाब अडकलेला असू शकतो. बॉडीचा ब्लीड (दाब सोडण्याची छोटी झडप) उघडून दाब शून्य झाल्याची खात्री झाल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही.

सील_स्टोअर:
बसवतानाचं पण बघा. लांबीच्या दिशेचे ओरखडे बहुधा रिंग काढताना वापरलेल्या स्क्रूड्रायव्हरचे असतात. पितळी किंवा प्लास्टिकचा हूक वापरा. स्टेमला चावीची खाच असेल तर तिच्यावर पातळ टेप लावून मगच रिंग सरकवा, नाहीतर ती धारेवर कापली जाते आणि बाहेरून कळतही नाही. ग्रीस रिंगेच्या रबराला चालणारंच हवं. ईपीडीएम रबराला खनिज तेलाचं ग्रीस लावलं की ते फुगून बाद.

देखभाल_शिफ्ट_ब:
स्क्रूड्रायव्हरच वापरत होतो, खरं आहे. पहिल्या व्हॉल्व्हला नवा बुश, रुंद खाच, ९० शोरची तपासलेली रिंग आणि बॅकअप असं सगळं केलं. ब्लोडाउन आता चोकमधून (प्रवाह कमी करणाऱ्या अरुंद वाटेतून) दीड तासात करतो. आधी ६ बार हवेवर चाचणी घेतली, मग चालू दाबावर. कमी दाबाला थोडी गळती दिसली.

जुना_फोरमन:
बरं झालं आधी कमी दाबावर बघितलंत. जास्त दाब रिंगेला आपोआपच खाचेच्या भिंतीवर ढकलतो आणि बारीक दोष झाकतो. बॅकअप उलटी बसली नाही ना? एक बाजू वाटीसारखी असेल तर ती रिंगेकडे तोंड करून हवी.

देखभाल_शिफ्ट_ब:
उलटीच होती. पुन्हा बसवली, ६ बारवर अर्धा तास एकही बुडबुडा नाही. त्यानंतर दोन ब्लोडाउन झाले, स्टेम कोरडा. तिसऱ्यानंतर रिंग काढून कापणार आहे आणि कापलेली रिंग कशी दिसते ते इथे लिहीन. बाकीच्या तिन्ही व्हॉल्व्हचे बुश मोजून झाले: ०.१४, ०.२४, ०.३१. शेवटचा उद्याच उतरवतोय.