किनाऱ्यावरच्या बागांतील खेळणी: आणण्याइतकेच टिकवणेही
समुद्राकाठच्या बागांत नवी खेळणी बसवावीत, या सूचनेशी मी सहमत आहे. परंतु रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशा गावांत खरा प्रश्न ती टिकवण्याचा आहे. खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार, रंगाच्या बारीक भेगांतून आत शिरते आणि झोपाळ्याचा खांब बाहेरून धड दिसत असतानाच रंगाखाली गंजत जातो, त्यामुळे दरवर्षी नुसता ऑइल पेंट फासणे ही देखभाल नव्हे. निविदेतच जस्तलेपन केलेले पाइप आणि साखळ्या-बोल्टांसाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागावे, कारण त्यातील मॉलिब्डेनम या धातूमुळे ते नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टीलपेक्षा खारेपणाला अधिक तग धरते. खर्च वाढेल, पण मुलांच्या जिवापुढे तो मोठा मानू नये.

घसरगुंडीखाली चिऱ्यांची फरसबंदी किंवा पेव्हर ब्लॉक मुळीच नकोत. तिथे धुतलेली मोकळी वाळू पुरेशा खोलीपर्यंत हवी आणि तिच्याखाली निचऱ्याची सोय हवी, अन्यथा पावसाळाभर तिथे डबके साचते. सावलीसाठी माडाऐवजी करंज लावावा, कारण नारळ आणि झावळ्या खाली पडतात. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, प्रत्येक कडी आणि बोल्ट हाताने तपासण्याची अट नगरपरिषदेने देखभालीच्या करारात लेखी घालावी.